एकाच बाजूने रंगवलेला रोलर

मित्रांनो, वरच्या वस्तीकडे जाणाऱ्या चढावर, दुसऱ्या वळणाच्या कडेला जो उभा दिसतो तो मी. एक जुना रोड रोलर. रस्त्याकडून पाहिले तर मी पिवळाधमक दिसतो. वळसा घालून पलीकडे आलात तर तांबूस गंज, रंगाचे पोपडे आणि मधमाश्यांनी कधीच सोडून दिलेले एक पोळे, एवढेच दिसेल. मला असे अर्धेच का रंगवले आहे, हे लहान मुले नेहमी विचारतात. मोठी माणसे विचारत नाहीत, कारण त्यांना ते ठाऊक आहे. माझे इंजिन आता बंद पडले आहे, अंगात त्राण नाही आणि हाताशी दुसरे काही काम नाही, तेव्हा सांगूनच टाकतो.

मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी तिन्ही चाके लखलखत होती. पुढचे एक रुंद, मागची दोन उंच, सगळी जाड लोखंडाची. मला तपासणाऱ्या मिस्त्रीने माझ्यावर थाप मारली आणि हा आपल्या नातवंडांनाही पुरेल, असे बरोबरच्या माणसाला सांगितले. ते माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक. तिथून मला रस्ते बांधणाऱ्या सरकारी कचेरीत पाठवले आणि तिथे मला हळूमामा भेटले.

हळूमामा माझे ड्रायव्हर. त्यांचे खरे नाव हजेरीपटावर असेल, पण ते हाक मारायला कोणी कधी वापरले नाही. माझा वेग माणसाच्या चालण्याहून कमी, आणि मामांना त्याची कधीच खंत वाटली नाही. ते जेवायचे हळू, बोलायचे हळू, आणि कोणी सकाळी चिडवले तर त्यांना राग यायला दुपार व्हायची. कामात मात्र ते पक्के होते. खडी दाबताना कडेकडून सुरुवात करायची आणि मग मध्याकडे यायचे. चढ असेल तर खालून वर जायचे. डांबरावर चालताना चाक ओले ठेवायचे, नाहीतर डांबर चाकाला चिकटून वर येते. घाई केली की खडी पुढे सरकत जाते आणि रस्त्याला पोट सुटते. हे सगळे ते नव्या मजुरांना सांगत आणि मजूर गेले की मलाही सांगत, जसे काही मी विसरणार होतो.

आम्ही दोघांनी दवाखान्याचा रस्ता केला, बाजाराचा केला, नदीपलीकडच्या तीन शाळांचा केला. काम संपले की पोरे अनवाणी धावून बघत आणि तळव्यांना ऊब लागते म्हणून हसत. मग रस्ता सुरू होई, गाड्या धावू लागत, आणि आम्ही पुढच्या कामाला निघत असू. त्या वर्षांत मला एकदाही कंटाळा आला नाही.

पुढे नवी यंत्रे आली. ती थरथरत चालतात आणि माझे आठवड्याचे काम दोन दिवसांत उरकतात. त्यांच्यावर माझा राग नाही. मला गोदामाच्या मागे नेऊन उभे केले. एकदा एक कारकून आला, त्याने माझ्या अंगावर खडूने फुली मारली आणि तो निघून गेला. फुली कशाची, हे तेव्हा मला कळले नाही. पावसाने ती पुसली. माझ्या टपाखाली मांजरी व्याल्या, त्यांची पिल्ले मोठी होऊन निघून गेली, आणि मामाही निवृत्त झाले. आता आपले संपले असे मी धरून चाललो होतो.

आणि मग निवडणूक आली.

मामा एके सकाळी हातात डिझेलचा डबा घेऊन गोदामामागे आले. बरोबर कचेरीचा एक माणूस होता. "ऊठ रे बाबा, बोलावणं आलंय," असे मामा मला म्हणाले. तीन-चार झटक्यांत माझे इंजिन सुरू झाले. मी धूर सोडला आणि मला रडूच यायचे बाकी राहिले. कोणाला तरी माझी आठवण झाली होती. कुठेतरी एक रस्ता माझी वाट बघत होता.

तो रस्ता म्हणजे हाच चढ. शहराच्या टोकाला दगड काढून संपलेली एक खाण आहे आणि तिच्या डोक्यावर वरची वस्ती. गवंडी, रंगारी, शिवणकाम करणाऱ्या बायका, लोकांच्या घरची धुणीभांडी करणाऱ्या, इमारतींचे पहारेकरी, असे सगळे तिथे राहतात. ही माणसे सकाळी खाली उतरली नाहीत तर शहराचे दारसुद्धा उघडणार नाही. पण शहराचा रस्ता खालच्या फाट्यापाशी संपतो. बसही तिथेच थांबते आणि तिथूनच परत फिरते. पुढे तीन वळणांचा कच्चा चढ, एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला खाणीचा खड्डा. पावसाळ्यात त्या चढावरून माणूस वर जातो की खाली येतो, हे त्याचे त्यालाही सांगता येत नसे. वस्तीने अर्ज केले तेव्हा बसवाल्यांनी सांगितले की रस्ता द्या, बस वर आणतो. म्हणजे सगळे अडले होते ते रस्त्यावर.

मला फाट्यावर उभे केले. शेजारी खडीचा एक ढीग आणि डांबराची दोन पिंपे. मग एक रंगारी आला. हा वस्तीतलाच. उमेदवाराच्या माणसांनी त्याला मला रंगवायचे काम दिले होते आणि रंग नेमका अर्धा दिला होता. लोकांना दिसते त्याच बाजूला लाव, असे त्याला सांगितले होते. त्याने मन लावून रंग लावला. आधी गंज खरवडला, मग हात फिरवला, चाकाच्या आऱ्यांच्या फटीतही कुंचला घातला. दुसऱ्या बाजूकडे त्याने एकदा पाहिले आणि तो डबा बंद करून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उमेदवार आले. त्यांच्या भाषणात रस्ता करूया, बस आणूया, दिवे लावूया, आपण सगळे मिळून करूया, असे सारखे येत होते. तेव्हापासून वस्तीत त्यांचे नाव करूयासाहेब पडले. त्यांनी माझ्या पिवळ्या बाजूला हात टेकवून फोटो काढून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सुद्धा, मित्रांनो, आतून टाळ्याच वाजवत होतो.

त्या रंगाऱ्याच्या घराची गोष्ट मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली. फाट्यावर बसची वाट बघत उभी राहणारी माणसे माझ्याच सावलीत उभी राहत आणि बोलत. रंगाऱ्याची बायको शिवणकाम करायची. तिला सगळे टेलरवहिनी म्हणत. त्यांना दोन मुली. थोरलीला त्याच वर्षी शहरात परिचारिकेच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. वर्ग सुटून ती बसने फाट्यावर यायची तोवर अंधार पडणार, आणि मग हा चढ एकटीने चढायचा. तिचे आजोबा ह्याच चढावर घसरून पडले होते आणि पुढे अंथरुणातून उठले नव्हते. घरातले सगळे घाबरले. त्यात मी येऊन उभा राहिलो.

रंगाऱ्याने घरी सांगितले की रोलर आलाय, मी माझ्या हाताने रंगवलाय, आता रस्ता होणारच. एक वर्ष थांब, पुढच्या वर्षी बसने दारातून जा आणि दारात ये. टेलरवहिनींनाही ते पटले. थोरली थांबली.

मतदान झाले, करूयासाहेब निवडून आले. त्याच आठवड्यात खडीचा ढीग ट्रकमध्ये भरून परत नेला. पिंपे नेली. ती रिकामीच होती, त्यामुळे ती उचलायला दोन माणसे पुरली. शेवटी मामा आले आणि मला गोदामामागे घेऊन गेले. थोरलीचे एक वर्ष गेले, मग आणखी एक. प्रवेशाची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मग तिला चांगले स्थळ आले आणि तिचे लग्न झाले.

पुढच्या निवडणुकीत मी पुन्हा फाट्यावर. तोच रंगारी, तीच बाजू, फक्त हात थोडा उरकता. ह्या वेळी समोर दुसरे उमेदवार होते. ते माझ्याकडे बोट दाखवून कडाडले की ह्या भंगाराच्या डबड्यावर तुम्हाला पाच वर्षे फसवले, तुमच्या तोंडाला पाने पुसली. लोक इतके खूश झाले की करूयासाहेबांचा सपशेल पराभव झाला. मला अपमान वाटला, पण मनात म्हटले, माणूस खरे तर बोलतोय. निवडून आल्यावर वस्तीची माणसे त्यांच्याकडे रस्त्याचे विचारायला गेली की ते मान डोलावून बघूया म्हणत. म्हणून ते बघूयासाहेब. आणि तिसऱ्या निवडणुकीच्या तोंडावर त्याच बघूयासाहेबांनी मला फाट्यावर आणून उभे केले. माझ्या पिवळ्या बाजूला हात टेकवून फोटो काढला. हात अगदी त्याच जागी टेकवला.

ह्या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. लोक बसमधून उतरत, माझ्याकडे पाहत आणि चढाला लागत. मला तर कोणी शिवीही दिली नाही. शिव्या बऱ्या होत्या हो, निदान त्यांत जीव असतो. रंगारी म्हणू लागला की सगळे एकाच माळेचे मणी आहेत, ह्या वेळी मी मतच देणार नाही. वस्तीत एक निवृत्त मास्तर होते, ते त्याला समजावत की देश असा एका रात्रीत बदलत नाही, पिढ्या जाव्या लागतात. रंगारी म्हणाला की एक पिढी माझ्या घरातली गेली, आता आणखी किती पाठवू?

कारण आता धाकटीची वेळ आली होती. तिला रक्त तपासण्याच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. तोच बसचा मार्ग, तीच संध्याकाळ, तोच चढ. आणि गंमत बघा, मतच देणार नाही म्हणणारा हाच रंगारी, तिसऱ्यांदा मला रंगवून घरी गेला आणि जेवताना धाकटीला म्हणाला, "एक वर्ष थांब बाळा. ह्या वेळी नक्की होईल असं वाटतंय."

हे मला कसे कळले? दुसऱ्या दिवशी टेलरवहिनी फाट्यावर आल्या तेव्हा मास्तर तिथे बसची वाट बघत होते, आणि त्यांनी ते सगळे मास्तरांना सांगितले. आवाज चढवून नाही, दमलेल्या माणसाच्या आवाजात. नवऱ्याचे ते वाक्य ऐकल्यावर त्या ताटावरून उठल्या होत्या. मास्तरांनी पुन्हा देशाचा विषय काढला. वहिनींनी त्यांना मध्येच थांबवले.

"देशाचं राहू द्या, मास्तर. माझी पोरगी अंधारात घरी कशी येणार, तेवढं सांगा."

मास्तर चांगले गृहस्थ, त्यांनी नसलेले उत्तर दिले नाही.

मतदानाच्या दिवशी टेलरवहिनी पहाटेच जाऊन मत देऊन आल्या. कोणाला दिले, ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितले नाही. दुपारी त्या वस्तीतल्या बायकांना घेऊन खाली उतरल्या. प्रत्येकीने खाणीतला एकेक धोंडा आणला होता. ते धोंडे त्यांनी माझ्या तिन्ही चाकांखाली पुढून-मागून ठोकून बसवले. संध्याकाळी मामा मला न्यायला आले तेव्हा माझ्याभोवती पंधरा-वीस बायका ऐसपैस बसल्या होत्या. एकीने तर माझ्या टपाच्या खांबाला दोरी बांधून मुलांचे कपडे वाळत घातले होते.

वहिनी म्हणाल्या, "मामा, तुमच्यावर आमचा राग नाही. पण रस्ता झाल्याशिवाय रोलर हलणार नाही. साहेबांना सांगा, रस्ता द्या आणि रोलर न्या."

मामांनी ऐकले. त्यांना पटायला वेळ लागला, पण पटले. ते कचेरीत जाऊन निरोप देऊन आले आणि साहेबांनी नुसते 'बरं' म्हटल्याचे त्यांनी येऊन सांगितले.

मित्रांनो, माझ्या उतारवयात मला ओलीस धरले गेले. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडले. इतकी वर्षे कोणाला मी नको होतो, आणि आता माझ्यावर पहारा बसला होता. दिवसा बायकांचा, संध्याकाळी पुरुषांचा. पाळ्या ठरल्या, पाळी चुकवणाऱ्याला बोलणी बसू लागली. कचेरीकडून कोणी येईना, तसा वस्तीचा हुरूप वाढत गेला. आपला दणका बसला, आता वर खलबते चालू असतील, असे जो तो म्हणू लागला. सरकारी मालमत्ता आहे, ती अशी सोडून देता येत नाही, असे मास्तरांनी सांगितले. कोणी पोलीस येतील म्हणाले, कोणी मंत्रीच येतील म्हणाले. रंगाऱ्यानेही पहारा केला. तो माझ्या गंजक्या बाजूला पाठ टेकून बसायचा.

निकाल लागला. बघूयासाहेब पडले, पुन्हा करूयासाहेब आले. दोघांपैकी कोणीही माझी चौकशी केली नाही.

शेवटी एकदाचा कचेरीचा माणूस फाट्यावर दिसला. हातात मोजपट्टी, बगलेत फाइल. सगळी वस्ती धावत खाली आली. हातातली कामे टाकून बायका आल्या, मास्तर चष्मा पुसत आले. टेलरवहिनी पुढे झाल्या. काय काय बोलायचे ते त्यांनी मनाशी घोकून ठेवले होते, आणि त्यांनी ते सगळे न अडखळता म्हटले. तो माणूस गोंधळून ऐकत राहिला. तो विजेचा खांब मोजायला आला होता.

"कुठला रोलर?" त्याने विचारले. मग त्याने माझ्याकडे पाहिले. "हा होय? अहो ताई, हा कधीच भंगारात काढलाय. आमच्या दफ्तरी हा नाहीच. निवडणुकीपुरता कोणी मागितला की देतो. ठेवून घ्या तुम्ही, आमची जागा मोकळी झाली."

तेव्हा मला त्या खडूच्या फुलीचा अर्थ कळला. खाणीत ढकलून दिले असते तरी इतके लागले नसते. पण माझे सोडा, तुम्ही त्या बायकांचे चेहरे बघायला हवे होते. ज्याला धरून त्यांनी सरकारला वेठीस धरले, तो सरकारला नकोच होता. पहाऱ्याच्या पाळ्या, ती भांडणे, ती धोंड्यांची वाहतूक, सगळे फुकट. मग मागून एका म्हातारीला हसू फुटले, आणि मग सगळेच हसू लागले, अगदी पोट धरून. मास्तर खाली बसून हसत होते. टेलरवहिनी हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या आणि त्यांना ते पुसणे थांबवता येईना.

लोक वर गेले. वहिनी तिथेच माझ्या पायरीवर बसून राहिल्या. धाकटीचे वर्ग सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. रंगारी समोर उभा होता. काहीतरी बोलायला हवे म्हणून त्याने सांगितले की नव्या साहेबांना एकदा भेटून बघू. वहिनींनी त्याला शांतपणे विचारले, "हा आता आपला ना? मग चालवू या की."

मामांना बोलावणे गेले. मामा आले, माझ्या पोटात डोके घालून बसले आणि संध्याकाळी हात पुसत म्हणाले की चालेल, पण किती चालेल ते विचारू नका. एका मिस्त्रीने पट्टा आणून दिला, कोणी तेल आणले. खाणीत दगडाचा चुरा आणि मुरूम डोंगरासारखा पडलेला होता, तो उचलायला कोणाची परवानगी लागत नव्हती, किंवा लागत असेल तर ती कोणी मागितली नाही. कामावरून आलेली माणसे पुन्हा घमेली उचलू लागली. गवंड्यांनी दोरी लावून उतार काढला आणि पाणी जायला कडेने चर खणला. बायका मुरूम पसरत, आणि मागून मी आणि मामा. खालून वर, कडेकडून मध्याकडे. माझ्या चाकाखाली कितीतरी वर्षांनी जमीन दबत होती. मला गुडघे असते तर ते दुखले असते, पण मी थांबलो नाही.

मित्रांनो, इथे तुम्ही टाळ्या वाजवाल, म्हणून आधीच सांगतो, वाजवू नका. दिवसभर दुसऱ्यांची घरे बांधून, रंगवून, धुऊन आलेल्या माणसांचे हे काम नव्हते. ज्यांचे होते ते खुर्चीवर बसून होते. काम करताना कोणी गाणी म्हटली नाहीत. पाठी दुखत होत्या, आणि दोन घरांत ह्यावरून भांडणे झाली की आपण कर भरतो मग आपणच का मरायचे. ते भांडणारेही खोटे नव्हते.

पहिले वळण झाले. दुसऱ्या वळणावर माझ्या आतून मोठा आवाज आला, काळे तेल जमिनीवर सांडले आणि मी थांबलो तो कायमचा. मामा बराच वेळ माझ्या टपाला धरून उभे राहिले. हळूच खाली उतरले आणि म्हणाले, "पुरे झालं रे आता. केलंस तेवढं." पुढचे तिसरे वळण लोकांनी लाकडी धुमुसाने ठोकून ठोकून केले. ते माझ्या कामासारखे सपाट नाही, पण पाय घसरत नाही.

बस वर आली नाही. बसवाले येऊन पाहून गेले आणि म्हणाले की हा रस्ता नकाशावर नाही. तरी धाकटीचे वर्ग सुरू झाले. रंगारी रोज संध्याकाळी हातात बॅटरी घेऊन फाट्यावर उभा राहू लागला आणि बापलेक कोरड्या पायांनी चढ चढून घरी येऊ लागले.

आणि मग, तुम्ही ओळखलेच असेल, करूयासाहेब आले. रस्ता झाल्याचे त्यांच्या कानावर गेले होते. त्यांच्या माणसांनी फाट्यावर, चढाच्या तोंडाशी, दोन बांबू रोवून लाल फीत बांधली. कामाचा दिवस, त्यामुळे वस्तीतले फारसे कोणी नव्हते. काही म्हातारी माणसे, अंगावरच्या मुलांच्या आया, मास्तर. टेलरवहिनी होत्या, कारण थोरली माहेरी आली होती. तिच्या कडेवर तिचा मुलगा होता. साहेब बोलू लागले. मी वर वळणावर होतो, पण भोंगा एवढा मोठा होता की मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मी म्हणालो होतो, आपण सगळे मिळून करूया," साहेब म्हणाले. "आणि आपण केलं."

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. भाषण लांबत चालले. तेवढ्यात धाकटी पाठीला पिशवी लावून माझ्या जवळून धावत खाली गेली. तिची बस फाट्यावर येऊन उभी होती. फितीशी एक माणूस आडवा आला आणि कार्यक्रम संपेपर्यंत थांबायला तिला सांगू लागला.

"मला थांबायला जमणार नाही, काका. बस सुटेल," धाकटी म्हणाली. तिने एका हाताने फीत वर उचलली, खालून वाकून निघाली आणि बसमध्ये चढली. साहेब भाषण सोडून बसकडे बघू लागले. बस निघून गेली तेव्हा त्यांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली, पण ऐकायला फारसे कोणी उरले नव्हते.

वहिनी आणि थोरली चढ चढून परत येत होत्या. माझ्यापाशी येऊन दोघी दम घ्यायला थांबल्या. थोरलीने मुलाला खाली उतरवले. दाबलेल्या मुरुमावर तिने चप्पल काढून पाऊल ठेवले आणि दोनदा दाबून पाहिले. खाली, बस गेली त्या दिशेला ती बराच वेळ बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "खाण तेव्हाही होती ना गं? आणि रोलरही होता."

टेलरवहिनींनी तिच्याकडे पाहिले नाही. "होता," त्या म्हणाल्या.

थोरलीने मुलाला उचलून घेतले आणि ती वर निघाली. वहिनी माझ्या गंजक्या बाजूला हात टेकून खूप वेळ उभ्या राहिल्या.

मित्रांनो, तेव्हापासून चार पावसाळे गेले. पहिले वळण वाहून गेले होते, ते लोकांनी पुन्हा भरले. टेलरवहिनी अजून दर महिन्याला कचेरीत जाऊन बसतात आणि हा रस्ता नकाशावर कधी घेणार, ते विचारतात. अजून घेतलेला नाही. देश बदलेल की नाही, ते मला विचारू नका, मी नुसता रोलर आहे आणि तोही बंद पडलेला. पण पुढची निवडणूक जवळ आली आहे आणि परवाच कोणीतरी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन मला पाहून गेले. तुमच्या गावात, तुमच्या फाट्यावर माझ्यासारखा कोणी रंगवून आणून उभा केला, तर एवढेच करा. त्याला वळसा घालून दुसरी बाजू बघा, त्याला आणणाऱ्याला रोज जाऊन विचारा, आणि तोवर घरातल्या कोणत्याही मुलीला एक वर्ष थांब, असे सांगू नका.